खाचेतली गाणी: वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं एकाच वेडाच्या माणसांची आहेत. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेत निघालेल्या, त्या वेळी फारशा कुणी न घेतलेल्या पॉप आणि सायकेडेलिक फोक (लोकगीतांच्या चालीवरचं, स्वप्नाळू, भ्रमात नेणारं गाणं) रेकॉर्ड ही मंडळी शोधून शोधून ऐकतात. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच: ‘रेकॉर्डच खराब निघाली.’ आमचं म्हणणं असं की दहातल्या सात-आठ वेळा रेकॉर्ड चांगली असते. घाण, चुकलेला वेग, वाकडं बसलेलं कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या हालचालीची वीज करणारा छोटा भाग) किंवा चुकीची सुई यांचा दोष तिच्या माथी मारला जातो.

प्रश्न (डोंबिवली): वॅश्टी बन्यनची ‘जस्ट अनदर डायमंड डे’ घेतली, अलीकडे पुन्हा काढलेली नवी कोरी प्रत. गाणं हळू आणि चटचट मोठी, अशी अवस्था आहे. नवी रेकॉर्ड असून असं का?

उत्तर: या गाण्यांत लपायला जागाच नाही. ड्रम नाहीत, मोठा वाद्यमेळ नाही. कुजबुजल्यासारखा आवाज, गिटार, मधूनच रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी किंवा फिडल. १९६९च्या अखेरीस लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत निर्माता जो बॉइडनं हे ध्वनिमुद्रण करून घेतलं, १९७०च्या डिसेंबरात फिलिप्सनं एलपी काढली आणि ती जेमतेम काही शे खपली. रॉक रेकॉर्डवर जी चटचट ऐकूही येणार नाही, ती इथे थेट गायिकेच्या श्वासावर येऊन बसते.

आधी निदान करा. घड्याळ घेऊन बसा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. टक्-टक् बरोबर १.८ सेकंदांच्या अंतरानं येत असेल तर तो ओरखडा आहे, धुऊन जाणार नाही. आवाज कुठेही, कसाही येत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. आणि गाणं चढलं की त्याच्याबरोबर फाटल्यासारखी खरखर चढत असेल, गाणं उतरलं की उतरत असेल, तर खाच झिजलेली आहे किंवा सुई खराब आहे. नव्या रेकॉर्डवर बहुतेक वेळा मधला प्रकार असतो: आतल्या कागदी पिशवीचा भुसा खाचेत उतरलेला असतो, आणि रेकॉर्ड बाहेर ओढताना घर्षणानं जी वीज तयार होते ती आणखी धूळ खेचते.

धुण्यासाठी १ लिटर द्रावण असं करा: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो धुणारे वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी सपाट पसरवणारा द्रव) ३-४ थेंब. थेंब म्हणजे थेंबच. जास्त झाले की खाचेत साबणासारखा थर राहतो आणि सुईवर पांढरट लगदा जमतो. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेतच वाळतात. हातावर लावायचं सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात ग्लिसरीन असतं.

एका बाजूला १५-२० मिली द्रावण पुरतं. लेबल कोरडं ठेवून ते पसरा, दोन मिनिटं मुरू द्या, मग मऊ शेळीच्या केसांच्या ब्रशनं किंवा मखमली पॅडनं खाचेच्या दिशेनंच, म्हणजे गोल, सात-आठ वेळा फिरवा. आडवं घासू नका. मळलेलं पाणी मायक्रोफायबर फडक्यानं टिपून घ्या. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं फसतं: नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दुसऱ्यांदा धुणं. सुटलेली घाण द्रावणात तरंगत असते. ते तसंच वाळलं तर ती परत तळाशी बसते आणि ‘धुतल्यावर आवाज वाढला’ अशी पत्रं आमच्याकडे येतात. ताटाळ्यात उभी ठेवून अर्धा तास वाळवा आणि जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका. पॉलिथिनचं अस्तर असलेली पिशवी घ्या.

प्रश्न (पुणे): न्यू जर्सीहून परतताना तिथला बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर पट्ट्यानं ताट फिरवते तसला, टर्नटेबल आणला. २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आहे. तरी पेंटँगल या ब्रिटिश फोक गटाच्या रेकॉर्डवर गायिका जॅकी मॅक्शी पुरुषासारखी गाते. पट्टा नवा घातला, फरक नाही.

उत्तर: पट्ट्याचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. तुमची मोटर सिंक्रोनस असणार, ती फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. म्हणून ३३⅓ चे झाले २७.८ फेरे. सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरला. ४५वर टाकून बघाल तर ३७.५ फेरे मिळतील आणि सूर दोन पट्ट्या चढेल. मधलं काही हाती लागणार नाही.

उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली बदलणं. कंपनीची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर उत्तम. लेथवर करून घ्यायची तर एक हिशेब नीट समजून घ्या, कारण कारागीर सरळ १.२ नं गुणतो आणि फसतो. पट्टा स्वतः जाड असतो आणि वेग ठरतो तो पट्ट्याच्या जाडीच्या मध्यावरून. समजा जुनी पुली १० मिमीची आणि पट्टा १ मिमी जाड. परिणामी व्यास ११. त्याची १.२ पट १३.२. त्यातून पट्ट्याचा १ वजा केला की पुली हवी १२.२ मिमीची. कारागिरानं १२.० ची केली तर वेग दीड टक्का कमी पडेल, म्हणजे सूर पाव पट्टी खाली. तेवढं तुम्हाला हार्मोनियम शेजारी ठेवून लगेच कळेल. ४५ची पायरीही याच हिशेबानं. दांड्याचं भोक नेमकं मध्यावर हवं, नाहीतर लांब स्वर थरथरतील.

तपासायला स्ट्रोब चकती वापरा, म्हणजे कडेनं रेघा असलेली, ताटावर ठेवायची चकती; वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात. ५० हर्ट्झच्या उजेडात ३३⅓ साठी १८० रेघांची चकती स्थिर दिसते. अमेरिकेतून आणलेल्या चकतीवर २१६ रेघा असतात, ती इथल्या दिव्याखाली चुकीचंच सांगेल. दिवाही जुना पिवळा किंवा निऑनचा हवा. बरेच एलईडी दिवे विजेच्या तालावर पुरेसे लुकलुकत नाहीत, त्यामुळे रेघा नुसत्या पुसट होतात.

क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटरचे टर्नटेबल असतील त्यांनी यातलं काही करू नये. त्यांना फक्त योग्य व्होल्ट लागतात.

प्रश्न (नाशिक): द झॉम्बीजची ‘ओडेसी अँड ओरॅकल’ मोनोत घ्यावी की स्टिरिओत? जाणकार मोनो म्हणतात, कानाला मात्र स्टिरिओ जास्त मोकळं वाटतं.

उत्तर: तुमचा कान खोटं बोलत नाही, जाणकारही नाहीत. ही रेकॉर्ड १९६७ साली चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाली, बरीचशी अॅबी रोडला. गटानं आणि कंपनीनं गृहीत धरलं होतं ते मोनो. नंतर सीबीएस या रेकॉर्ड कंपनीनं स्टिरिओही मागितलं, तेव्हा पैसे संपलेले होते आणि रॉड आर्जेंट व ख्रिस व्हाइट या दोघा गीतकारांनी त्या मिक्सचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. एप्रिल १९६८ मध्ये एलपी आली तोवर गट फुटलाही होता.

फरक ऐकायचा असेल तर ‘धिस विल बी अवर इयर’ लावा. त्यातली पितळी वाद्यं चार ट्रॅकच्या टेपवर कधी नव्हतीच. मोनो मिक्स करतानाच ती वरून वाजवून घेतली. त्यामुळे या गाण्याचं खरं स्टिरिओ त्या वाद्यांसकट करताच येईना, आणि जुन्या स्टिरिओ एलपीवर मोनोलाच कृत्रिमरीत्या दुभंगून ठेवलं गेलं. डावीकडे-उजवीकडे काहीतरी पसरल्यासारखं वाटतं, पण मध्ये पोकळी असते. बाकीच्या गाण्यांत स्टिरिओत आवाजांचे पदर सुटे ऐकू येतात. मोनोत बास आणि ड्रम एकजीव होतात आणि गाण्याला वजन येतं. एकच घ्यायची तर आम्ही मोनो घेऊ. कोरस गाणाऱ्यानं मात्र स्टिरिओ घ्यावी. कोण कुठला सूर धरतो ते तिथे सापडतं.

मोनो रेकॉर्ड साध्या स्टिरिओ कार्ट्रिजवर खुशाल वाजवा, पण अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबून. कारण असं: मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. धूळ आणि झीज यांचा बराचसा आवाज सुईला वर-खाली हलवतो. डावं-उजवं एकत्र केलं की वर-खालीचा आवाज एकमेकाला मारतो आणि आडवा, म्हणजे गाणं, शिल्लक राहतं. बटण दाबताच खरखर निम्म्यावर आल्यासारखी वाटते. बटण नसेल तर टर्नटेबल आणि फोनो प्रीअँपच्या (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) मध्ये दोन वाय-जोडण्या लावा, एक दोन तारांची एक करणारी आणि एक एकाच्या दोन करणारी.

याच्या उलट कधी करू नका. जुन्या मोनो कार्ट्रिजच्या सुईला वर-खाली हलायची मुभाच नसते. तिच्यावर स्टिरिओ एलपी ठेवली तर ती खाचेतला अर्धा मजकूर तासून काढते.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर तीस-चाळीस एलपींवर पांढरे ठिपके. कव्हरंही डागाळली. वाचतील का?

उत्तर: रेकॉर्ड वाचतील, कव्हरं थोडीफार. ती बुरशी आहे. तिचं अन्न म्हणजे बोटांचा तेलकटपणा, धूळ आणि कागद. विनाइल ती सहसा खात नाही, पण फार दिवस राहिली तर पृष्ठभागावर खुणा सोडते, म्हणून हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

अंगणात बसा, तोंडाला एन-९५ मास्क लावा. आतल्या सगळ्या पिशव्या फेका, एकही ठेवू नका. कोरड्या मऊ ब्रशनं बुरशी घराबाहेरच झाडा. मग वर सांगितलेलं द्रावण, पण या वेळी ७०० मिली पाणी आणि ३०० मिली अल्कोहोल. दोनदा धुवा, मधल्या वेळात पॅडही धुवा, शेवटी नुसतं डिस्टिल्ड वॉटर. कव्हर रिकामं करून कोवळ्या उन्हात तासभर उघडं उभं ठेवा. रेकॉर्ड उन्हात नेऊ नका. दुपारच्या उन्हात विनाइल पापडासारखं वाकतं आणि ते सरळ करण्याच्या घरगुती युक्त्यांनी खाचच जाते.

परत ठेवताना बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. रेकॉर्ड उभ्याच हव्यात, ताठ, पण दाबून कोंबलेल्या नकोत. फूटभर फळीवर सत्तर-ऐंशी एलपी बसतात आणि त्यांचं वजन सोळा किलोच्या घरात जातं, तेव्हा फळी १८ मिमी प्लायहून पातळ नको. बंद कप्प्याला पाव किलो सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ५५च्या वर गेला की जेल ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरा. कोकणात जुलैमध्ये ते दर आठवड्याला करावं लागेल.

पीव्हीसीची जाड, चकचकीत बाहेरची पिशवी काढून टाका. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षं पाझरतो आणि रेकॉर्डवर दुधी धुक्यासारखा डाग पडतो. तो धुतल्यानं जात नाही. डांबरगोळ्याही नकोत. त्या किड्यांसाठी असतात, ओलाव्याचं त्या काही करत नाहीत, आणि पुठ्ठ्यात मुरलेला वास पुढच्या पिढीपर्यंत राहतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): रागदारी ऐकत मोठा झालो. मुलीच्या आग्रहानं हे सायकेडेलिक फोक ऐकतो आहे. यातली सतार मला नुसती सजावट वाटते. चुकतंय का? आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर: बऱ्याच ठिकाणी ती सजावटच आहे. १९६७ पासून अमेरिकेत कोरल कंपनीची ‘इलेक्ट्रिक सितार’ मिळू लागली. ती मुळात गिटार आहे. घोडीची रचना अशी की तार झणझणते, आणि पडदे, बोटं, सगळं गिटारचं. त्या काळातल्या कितीतरी पॉप गाण्यांत ऐकू येते ती हीच. मींड नाही, जवारीचा आभास फक्त. तिच्याकडून रागाची अपेक्षा ठेवू नका, रंग म्हणून ऐका.

पण सगळं तसं नाही. इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड या स्कॉटिश फोक गटाच्या १९६७च्या ‘द ५००० स्पिरिट्स ऑर द लेयर्स ऑफ द अनियन’वर सतार वाजवणाऱ्याचं नाव ‘सोमा’ असं छापलंय. ते म्हणजे नझीर जयराजभॉय, भारतीय संगीताचे मोठे अभ्यासक. आणि एक धागा थेट मुंबईत येतो. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’चे भारतीय वाद्यांचे तुकडे मुद्रित केले. संतूरला शिवकुमार शर्मा होते, सरोदला आशीष खान. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही त्याच दिवसांत तिथेच झालं, आवाज नंतर लंडनला चढवला. तुमच्यासारख्या कानाला सनई, सरोद आणि संतूर इथे आपल्या घरात असल्यासारखी वाटतील. तुकडे छोटे आहेत, एक-दोन मिनिटांत संपतात. तो पडद्यावरच्या दृश्यांसाठीचा ऐवज आहे, मैफल नव्हे, एवढं ध्यानात असलं की चिडचिड होत नाही.

आमच्या मते आपल्या संगीताशी या फोकचं खरं नातं सतारीत नाहीच, ते षड्जात आहे. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या. डी ला सा माना. मग तारा होतात: सा प सा म प सा. तिसरा स्वर गाळलेला, म्हणजे गंधार कोमल की शुद्ध हे वाद्य आधी सांगतच नाही, ते वरच्या सुरावटीवर सोपवलेलं. मोकळ्या तारा छेडल्या की तानपुऱ्यासारखा आधार घुमत राहतो. त्या काळातले अनेक फोक गिटारवाले या किंवा असल्याच मोकळ्या लावणीवर वाजवतात. मुलीच्या गिटारवर एकदा लावून बघा, दहा मिनिटांत खूण पटेल.

सुरुवात म्हणाल तर ‘द हँगमॅन्स ब्यूटिफुल डॉटर’, १९६८. हा त्याच इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचा, आणि आडवळणाचा असूनही ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलेला. त्यातलं ‘अ व्हेरी सेल्युलर साँग’ १३ मिनिटांचं आहे. भजनासारखा भाग, मग उडतं, मग शेवटी आशीर्वादासारखं संथ. पहिल्या ऐकण्यात ते विस्कळीत वाटतं. तीनदा ऐका, मग ठरवा. त्यानंतर लिंडा पर्हॅक्सची १९७०ची ‘पॅरलेलोग्रॅम्स’. दाताच्या दवाखान्यात काम करणारी ही कॅलिफोर्नियाची बाई, त्या काळात तिची ही एकच एलपी निघाली आणि बुडाली. कॅप कंपनीची मूळ एलपी इतकी बोथट ऐकू येते की तिनं स्वतः ती ऐकायचं सोडलं. नंतर तिच्याकडच्या टेपवरून निघालेली आवृत्ती घ्या, मूळच्या मागे लागू नका. शीर्षकगीताच्या मध्यावर आवाजांचे थर एकावर एक चढत विरघळतात, तिथे दिवा मालवून ऐका.

प्रश्न (सोलापूर): प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं फाटतं. ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात. कार्ट्रिज नवं आहे.

उत्तर: काही दोष रेकॉर्डच्या जातीचाच. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर सरकते, लेबलाजवळ फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीनं कोरलेला असतो आणि जाड सुई त्या वळणांत शिरत नाही.

पण नवं कार्ट्रिज म्हणता, तर ते वाकडं बसलेलं असण्याची शक्यता जास्त. बेअरवाल्ड मांडणीचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसवायचा रेघांचा कागदी नकाशा, छापून घ्या. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद, १०० टक्के आकार, आणि छापल्यावर पट्टीनं मोजा: मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर दोन खुणा हव्यात. पान ९७ टक्क्यांवर छापलं गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. दोन्ही खुणांवर कार्ट्रिजचं अंग रेघांना समांतर येईपर्यंत स्क्रू ढिले करून सरकवा. मग सुईचा भार. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. कमी भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ठेचते.

फाटणं फक्त उजव्या स्पीकरमध्ये असेल तर अँटी-स्केटिंग (सुईच्या दांडीची आत ओढ रोखणारी योजना) वाढवा. हे सगळं करूनही शेवटचं गाणं फाटलं तर मायक्रोलाइन, म्हणजे फार बारीक टोकाची, सुई घ्या. व्हीएम९५च्या अंगात ती तशीच बसते.

प्रश्न (कोल्हापूर): आजोबांच्या ट्रंकेत बीटल्सची ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड सापडली. असली रेकॉर्ड निघाली होती का? घरातल्या जुन्या सूटकेसवजा प्लेयरवर लावावी का?

उत्तर: निघाली होती, आणि भारतातच. इतरत्र ७८ बंद पडल्या तरी आपल्याकडे गावोगावी किल्लीचे फोनो चालू होते, म्हणून एचएमव्ही साठच्या दशकातही त्या काढत राहिली. संग्राहक या भारतीय बीटल्स ७८ साठी जीव टाकतात, तेव्हा तिच्याशी जपून वागा.

ती लाखेची आहे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. वर दिलेलं द्रावण तिच्यावर चुकूनही लावू नका, चकाकी आणि खाच दोन्ही एका फडक्यात जातील. डिस्टिल्ड वॉटर, त्यात वेटिंग एजंटचा एक थेंब, ओलसर पॅड, लगेच कोरडं. पाण्यात बुडवायचं नाही, केसाएवढी चीर असेल तर पाणी आत जातं.

जुन्या प्लेयरची सिरॅमिक सुई पाच-सहा ग्रॅम किंवा जास्त भारानं दाबते आणि तिचं टोक बहुधा नीलमण्याचं, चाळीस-पन्नास तासांत सपाट होणारं. कधी बदललं ते कुणाला आठवत नसतं. एलपीच्या सुईनं ७८ वाजवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसता फुसफुसाट येतो. ७८ ला ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक हवं. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी ही त्यासाठीच आहे, भार ५ ग्रॅम. तोवर रेकॉर्ड उभी, पुठ्ठ्याच्या आधारानं ठेवा. पडली तर काचेसारखी फुटते.

प्रश्न (लंडन): शर्ली आणि डॉली कॉलिन्स या फोक गाणाऱ्या बहिणींची ‘अँथम्स इन ईडन’ एका जुन्या बाजारात मिळाली. पहिल्या छपाईची आहे हे कसं ओळखावं?

उत्तर: लेबल आणि गाणी यांच्या मधला कोरा पट्टा तिरप्या उजेडात धरा. १९६९ची ही एलपी हार्वेस्टची, म्हणजे ईएमआयच्या कारखान्यातली, आणि त्यांची खुणांची पद्धत ठरलेली आहे. खाली, घड्याळाच्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक. त्याच्या शेवटचा -१ म्हणजे पहिली कोरणी. डावीकडे, नऊच्या जागी एक आकडा, तो मदर साचा (ज्यावरून छपाईचे साचे निघतात तो) कितवा ते सांगतो. उजवीकडे तीनच्या जागी एक-दोन अक्षरं, तो स्टँपर, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड दाबणारा साचा. अक्षरांचे आकडे ‘ग्रामोफोन लिमिटेड’वरून येतात: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे ‘जीआर’ असेल तर बारावा स्टँपर. दोन्ही बाजू स्वतंत्र वाचा, बहुधा त्या जुळत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. लेबलवर चौकटीतलं ईएमआय चिन्ह नसेल तर छपाई सुरुवातीची.

पण घेतलीच आहे तर आधी पहिली बाजू सलग ऐका. डेव्हिड मन्रोच्या मंडळींनी वाजवलेली क्रमहॉर्न, सॅकबटसारखी युरोपातली जुनी फुंकवाद्यं आणि डॉलीचा छोटा ऑर्गन हे सगळं लांब, सपाट स्वरांचं काम आहे. रेकॉर्डचं मधलं भोक अर्धा मिमी जरी सरकलेलं असलं तरी मधल्या खाचांत सूर दर फेऱ्याला आठ-नऊ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) वर-खाली डुलतो आणि अशा वाद्यांवर तो लगेच जाणवतो. डोलत असेल तर स्टँपर कितवाही असो, कमी किमतीतली दुसरी प्रत बघा.

प्रश्न (ठाणे): हे सगळं संगणकावर उतरवून ठेवायचं आहे. चटचट काढणारं सॉफ्टवेअर कितपत वापरावं?

उत्तर: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. सर्वात मोठा आवाज -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्टच येतात, तेव्हा मध्ये फोनो प्रीअँप हवाच, नाहीतर आवाज किडकिडीत आणि बासशिवाय उतरेल. न सुधारलेली मूळ फाइल कायमची जपून ठेवा.

स्वयंचलित डीक्लिक, म्हणजे चटचट आपोआप पुसणारी सोय, पूर्ण गाण्यावर चालवू नका. बोटांनी छेडलेल्या तारेचा पहिला क्षण आणि ओरखड्याचा टक् हे दोन्ही सॉफ्टवेअरला सारखेच दिसतात. ते तारेचं टोक खाऊन टाकतं आणि गिटार उशीखालून वाजल्यासारखी होते. लहर पडद्यावर मोठी करा, ओरखडा एखाद्या मिलिसेकंदाचा उभा काटा दिसेल, तेवढाच निवडून दुरुस्त करा. एका बाजूला असे वीस-पंचवीस काटे सापडतात. तासाभराचं काम आहे. दोन गाण्यांमधली शांतता मात्र पुसू नका, तिथली हलकी सरसर गेली की पुढचं गाणं अंगावर आल्यासारखं सुरू होतं.